हत्यारगाड्याचं बत्तीस नंबरी रहस्य

"मला बघून गुन्हेगारांची झोप उडते," असं भिंगराव स्वतःबद्दल सांगायचा. कोणते गुन्हेगार, असं कुणी विचारलं की आवाज खाली आणून म्हणायचा, "नावं सांगितली तर सावध होतील ना!" मग छाती पुढे काढायचा. छातीच्या आधी पोट पुढे यायचं, पण त्याला इलाज नव्हता. "माझी नजर म्हणजे सुई. माझं नाक म्हणजे पोलिसांचं कुत्रं. आणि माझी बुद्धी म्हणजे..." इथे तो दर वेळी थांबायचा. बुद्धीला शोभेल अशी उपमा अजून मिळाली नव्हती. शोध चालू होता.

पोटापाण्यासाठी तो एका चष्म्याच्या दुकानात काचा पुसायचा. भिंग तिथलंच. जाड पितळी मुठीचं, धरून धरून मनगट दुखावं असं. ते डोळ्याला लावलं की त्याचा डोळा बशीएवढा दिसायचा आणि समोरचा माणूस दचकायचा. दचकलेल्या चेहऱ्याला भिंगराव 'अपराधी चेहरा' म्हणायचा, त्यामुळे त्याच्या हिशेबाने सगळा गाव तुरुंगात जायला हवा होता. एकदा त्याने शेजाऱ्यांची हरवलेली मांजर शोधून दिली होती. ती दुसऱ्याच कुणाची तरी निघाली, पण मांजरच होती, एवढं शेजाऱ्यांनाही कबूल करावं लागलं.

असा हा नग मिस्त्रीच्या वाट्याला आला होता, कारण तो मिस्त्रीच्या बायकोचा थोरला भाऊ. पाना पारखून घेता येतो, मेहुणा नाही, असं मिस्त्री म्हणायचा. अर्थात मनातल्या मनात.

मिस्त्री मोठ्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. वर्कशॉप लांबलचक. एका टोकाला हत्यारांचं लोखंडी कपाट, दुसऱ्या टोकाला गाड्या, आणि फरशी धुतली की पाणी निघून जावं म्हणून सगळ्या जमिनीला गाड्यांच्या टोकाच्या गटाराकडे उतार. कपाटाच्या किल्ल्या काकांकडे. त्यांना सगळे 'कपाटवाले काका' म्हणत. पाना मागितला की ते आधी विचारायचे, "कशाला?" जणू माणूस पाना घेऊन दात कोरणार होता.

आणि गाड्यांच्या टोकाला असायचा 'गाडीखालचा'. हा मेकॅनिक सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गाडीखाली शिरायचा आणि सगळे गेल्यावर बाहेर पडायचा, त्यामुळे त्याचं तोंड कुणाच्या फारसं लक्षात नव्हतं. ओळख होती ती बुटांची आणि हाताची. गाडीखालून हात बाहेर यायचा, "बावीसचा!" अशी आरोळी यायची, की मिस्त्री कपाटाकडे निघायचा. पाना घेऊन परत येईस्तोवर गाडीखालच्याला चोवीसचा हवा असायचा.

अशा खेपा घालून घालून मिस्त्रीचा उजवा गुडघा कामातून गेला. चालताना कुरकुर करायचा आणि उकिडवं बसायचं तर नावच नको. हे वर्कशॉपच्या मालकीणबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, खूप केलंत. आता घरी बसा, आराम करा." हे त्या मायेने म्हणाल्या आणि तेच मिस्त्रीला जास्त लागलं. रागावल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. घरी बसून तो करणार काय होता? बोल्ट नसलेल्या घरात माणसाने दिवस कसा काढायचा?

"बसतो," तो एकदम बोलून गेला, "पण इथेच बसतो. मी चालायचं नाही, हत्यारं चालवतो."

"म्हणजे?"

"चाकांचा गाडा करतो. सगळी हत्यारं त्यात. गाडी जिथे, गाडा तिथे."

मालकीणबाई जरा विचार करून म्हणाल्या, "शनिवारी दाखवा. जमलं तर प्रत्येक गाडीला एक गाडा, आणि ते बनवायचं काम तुमचं, खुर्चीवर बसून. पण एक सांगते. एकही हत्यार इकडचं तिकडे झालं, तर तो नुसता हत्यारं हरवायचा गाडा. मग आपलं कपाटच बरं." पुढचं त्या बोलल्या नाहीत. पुढचं मिस्त्रीला पाठ होतं.

मिस्त्रीने गाड्यात जीव ओतला. दवाखान्याच्या भंगारातून जुन्या पलंगाची चाकं आणली. लोण्यासारखी फिरणारी, आवाज नाही. त्यांना पायात येण्यासारखं जे काही होतं, ते कापून टाकलं. रोजचे पाने वरच्या ड्रॉवरमध्ये, कोपराच्या उंचीवर, म्हणजे वाकायला नको. जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये, म्हणजे गाडा कलंडायला नको. वरच्या ट्रेला बोटभर काठ, म्हणजे नट-बोल्ट पळून जायला नकोत. हातोड्या बाजूला टांगलेल्या. प्रत्येक ड्रॉवरला खटका, म्हणजे चालता चालता जीभ बाहेर काढायला नको. आणि पाठीमागच्या फळीवर मोठे पाने, प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराचा पांढरा रंग. पाना जागेवर नसला की ती पांढरी जागा बोंब मारणार.

मंगळवारी संध्याकाळी कपाटाजवळ गाडा पुरा झाला. शेवटचा बत्तीसचा पाना हातात घेऊन मिस्त्री काकांना गाड्याचे गुण सांगत होता. काका नाक मुरडत होते. मधेच गाडा जरासा गटाराकडे निघाला. मिस्त्रीने बोलता बोलता तो परत जागेवर आणला आणि पुढे बोलत राहिला. मग खुशीत घरी गेला.

बुधवारी सकाळी फळीवरच्या एका पांढऱ्या जागेने बोंब मारली. बत्तीसचा पाना गायब!

वर्कशॉपमध्ये बत्तीसचा एकच होता. त्याने ड्रॉवर बघितले, ट्रे बघितला, खिसे बघितले. आणि नेमका त्याच वेळी गाडीखालून हात बाहेर आला. "बत्तीसचा!"

"देतो," मिस्त्री म्हणाला. हात तसाच बाहेर राहिला.

दैव असं बलवत्तर की भिंगराव तेव्हाच स्कूटरमध्ये हवा भरायला आला होता. त्याने फळीवरचा पांढरा आकार पाहिला, भिंग काढलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दाजी, इथे कुणीतरी आडवं पडलं होतं."

"पाना होता."

"उंचीने बुटका, डोकं मोठं, तोंड उघडं. मरताना ओरडला असणार."

"भिंगराव, पाना आहे हो तो! बत्तीसचा! हरवलाय!"

"मग मी आलोय," भिंगराव म्हणाला आणि खिशातून सुतळीचं बंडल काढून गाड्याभोवती खांबापासून खांबापर्यंत बांधायला लागला. "घटनास्थळ! गाडा जागचा हलता कामा नये. आणि हे बघा, ताईला एक अक्षर सांगायचं नाही. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही." सख्ख्या धाकट्या बहिणीला तो ताई म्हणायचा, कारण ती रागावली की त्याला तसंच वाटायचं.

बायकोला काळजी नको म्हणून मिस्त्रीही गप्प राहिला. त्या रात्री तो जेवायला बसला. टेबल डुगडुगत होतं, मग थांबलं. आतून बायको म्हणाली, "अहो, माझं उलथनं कुठे गेलं?" आपल्या विवंचनेत मिस्त्रीने ते ऐकलंच नाही.

पहिला संशय अर्थातच कपाटवाल्या काकांवर. "हेतू बघा, दाजी. गाडा आला की कपाट गेलं, कपाट गेलं की काका गेले. आणि त्यांचा डावा खिसा बघा, कसा लोंबतोय! आत जड काहीतरी आहे." भिंगरावने काकांचा खिसा रिकामा करायला लावला. किल्ल्यांचा जुडगा निघाला, ढीगभर.

"ही कशाची?"

"मागच्या दाराची."

"मागे दार कुठे आहे?"

"बुजवलं."

"आणि ही?"

"ही कशाची ते आठवत नाही," काका म्हणाले, "म्हणूनच टाकत नाही. टाकली की आठवेल." मग मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या गाड्यापायी माझं कपाट जायचं ते जावो, पण हा उंटावरचा शहाणा माझ्या खिशात कशाला सोडलात?"

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंगराव मात्र गंभीर. "निर्दोष आहेत," तो म्हणाला, "निदान सध्या."

गुरुवारी त्याला जमिनीवर खडूच्या रेघा दिसल्या. "दाजी! मापं घेतलीत कुणीतरी! तुमच्या गाड्याचा नकाशा एव्हाना समुद्रापार गेला. ही टोळी आहे!"

"रेघा मी मारल्यात."

"का?"

"गाडा कुठे उभा करायचा ते कळावं म्हणून."

"झालं! टोळीलाही तेच कळलं!"

"टोळीने नकाशा नेला तर पाना कशाला नेला?"

"नमुना म्हणून," भिंगराव म्हणाला. गाडीखालच्याचा हात अजून बाहेरच होता. तो सकाळी आला की आधी हात बाहेर ठेवून मग आत शिरायचा. येणारे-जाणारे त्यात चहाचा कप ठेवायला लागले होते. कुणीतरी टोपीसुद्धा अडकवून गेलं.

शुक्रवारी भिंगरावने जाहीर केलं, "पाना बाहेर गेलेलाच नाही. गाड्याने गिळलाय. याला चोरकप्पा आहे."

"गाडा मी बनवलाय. चोरकप्पा नाही."

"तुमच्या नकळत बनला असेल." आणि मिस्त्री हातपाय धुवून परत येतोय तोवर या महाभागाने सुतळीच्या आतून हात घालून सगळे ड्रॉवर उपसले. प्रत्येक पान्यावर भिंग धरलं. भिंगाची एक खोड असते, समोरचं भलंमोठं दिसतं आणि बाकीचं काहीच दिसत नाही. खाली वाकून बघावं, तर पोट आडवं. ड्रॉवर परत घातले ते उलट्या क्रमाने. जड सामान वर, बारीक पाने तळाला, आणि नट-बोल्टांच्या ट्रेमध्ये हातोड्या.

मिस्त्रीला रडूच यायचं बाकी राहिलं. शनिवार उद्यावर आलेला आणि हा गोंधळ! "भिंगराव," तो म्हणाला, "तुम्ही बायकोचे भाऊ आहात म्हणून. नाहीतर या हातोडीने मी..."

भिंगरावचा बशीएवढा डोळा त्याच्यावर रोखला गेला. "दाजी! आता आलं ध्यानात. ज्याच्यावर सगळ्यात कमी संशय, तोच गुन्हेगार! पाना शेवटी कुणाच्या हातात होता? तुमच्या! तुम्हीच लपवलात!"

भिंगरावने मिस्त्रीला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. "नाही. तुम्हाला एवढं डोकं नाही. सोडून द्या."

ते सोडून दिलं. उरलेला दिवस मिस्त्रीने गाडा पुन्हा लावण्यात घालवला, गुडघा चोळत.

शनिवारी मालकीणबाई आल्या. एरवी न येणारे दोघं-तिघं मेकॅनिकही जवळ येऊन उभे राहिले. मालकीणबाईंनी एकेक ड्रॉवर उघडला, खटका लावून पाहिला, कोपर टेकवून उंची पाहिली. चेहरा खुलत गेला. मग त्यांची नजर फळीवर गेली आणि चेहरा मिटला.

"इथे काय असतं?"

"बत्तीसचा," मिस्त्री म्हणाला.

"कुठे आहे?"

मागून काका म्हणाले, "कपाटात असताना कधी हरवला नव्हता. नुसतं सांगतोय."

"मिस्त्री," मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "कल्पना वाईट नव्हती. पण मी आधीच बोलले होते." मिस्त्रीने मान खाली घातली. डोळ्यांपुढे घरातली खिडकी आली, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला तो स्वतः. सबंध दिवस.

"थांबा!" भिंगराव गर्जला आणि सुतळीत पाय अडकून सावरला. "गुन्हेगार याच छपराखाली आहे. मंडळी, तो हात बघा! या माणसाचं तोंड कुणी पाहिलंय? नाही! गेले कित्येक दिवस हा पाना मागतोय. आता मला सांगा, ज्याच्याकडे पाना असेल तो काय करेल? आपल्याकडे नाही असं दाखवायला रोज मागेल! आणि जो जास्त मागेल, तो..."

"बत्तीसचा!" गाडीखालून आवाज आला.

"कबुली!" भिंगराव ओरडला.

इतक्यात दारातून बायको आत आली. हातात डबा. "अहो, डबा विसरलात. आणि दादा, तू इथे काय करतोयस? दुकानातून दोनदा माणूस येऊन गेला." मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज उतरला. "काय झालं?"

आता लपवून काय उपयोग? मिस्त्रीने सांगितलं, पाना हरवला.

"केवढा असतो तो?"

"हातभर."

"चपटा?"

"चपटाच की."

"आणि हातात घेऊन तुम्ही बोलत होतात?"

"काकांशी. गाड्याबद्दल."

"हां," ती म्हणाली. डबा तिने मालकीणबाईंच्या हातात दिला, सुतळीखालून आत शिरली, वाकली आणि भिंतीकडच्या मागच्या चाकाखाली हात घालून हिसका दिला. बत्तीसचा पाना बाहेर आला.

"हा घ्या. अजून काही हरवलंय का? मला घरी जायचंय."

मालकीणबाई डबा सांभाळत म्हणाल्या, "अहो, पण तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात कळायचंय काय? घरी काहीही हललं-डुगडुगलं की हे हातात असेल ते खाली टाकतात आणि पायाने आत सारतात. गुडघा वाकत नाही ना. बोलता बोलता करतात, यांना पत्ताही नसतो. माझं उलथनं रोज टेबलाच्या पायाखाली. दार फडफडतं तर कंगवा दाराखाली. लग्न झाल्यापासून काही सापडेनासं झालं की मी आधी वाकून बघते." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मला विचारायचं तरी!"

"गुप्तता होती," भिंगराव पुटपुटला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काका म्हणाले. "आणि माझा खिसा मात्र आधी!"

मिस्त्रीने बत्तीसचा पाना फळीवर लावला. शेवटची पांढरी जागा झाकली गेली. सगळी हत्यारं आपापल्या जागेवर! आयुष्यात पहिल्यांदाच गाडा पुरा भरला.

आणि गाडा निघाला.

आधी हळूच. मग सुतळी ताणली, तटकन तुटली, आणि गाडा उताराला लागला. दवाखान्याची चाकं, जराही आवाज नाही. भिंगराव दोन्ही हात पसरून आडवा आला. "थांब! तपास पुरा व्हायचाय!" गाड्याने ऐकलं नाही. भिंगराव गुपचूप बाजूला झाला. सगळे मागे धावले, मिस्त्री लंगडत सगळ्यांच्या मागे. आता हातोड्या उडणार, ड्रॉवर उघडणार, पाने फरशीभर होणार, आणि खिडकीजवळची ती खुर्ची! त्याने डोळेच मिटले.

काही पडल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तर गाडा पार वर्कशॉप ओलांडून गाडीच्या टायरला अलगद टेकून उभा. एक ड्रॉवर उघडलेला नाही, एक हातोडी हललेली नाही. ट्रेमधला एक नट काठापर्यंत गेला होता, पण काठाने त्याला अडवलं होतं. गाडीखालच्याचा हात जरा चाचपडला, टोपी गळून पडली, बोटं फळीवर फिरली, बत्तीसच्या पान्यावर थांबली, आणि हात पान्यासकट आत गेला.

"कधीचा मागतोय," खालून आवाज आला. "पण हे झकास आहे. हातात येतंय. गाडा आता इथेच राहू द्या."

मालकीणबाईंनी वाकून गाड्याची चाकं पाहिली. "मिस्त्री, या चाकांना ब्रेक नव्हते?"

"होते," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "पायात येत होते, म्हणून कापून टाकले."

"पुढच्या गाड्यांचे कापू नका."

पुढच्या! मिस्त्रीने तो शब्द ऐकला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने तो आधीच ऐकला होता. ती डबा परत घेऊन उगाचच त्याचं झाकण पुसत होती.

"आणि प्रत्येक गाड्याला कुलूप हवं," मालकीणबाई काकांना म्हणाल्या. "किल्ल्या तुमच्याकडे."

काकांनी घसा साफ केला. "कल्पना मला पहिल्यापासून आवडली होती," ते म्हणाले. "नुसतं सांगतोय."

संध्याकाळी भिंगराव मिस्त्रीकडे जेवायला आला. न बोलावता आला, कारण त्याच्या मते प्रकरण त्यानेच सोडवलं होतं. "मी शुक्रवारीच सांगितलं नव्हतं, दाजी? गुन्हेगार तुम्हीच! माझा पहिला अंदाज कधी चुकत नाही."

"चौथा होता," मिस्त्री म्हणाला. पण आज त्याला कशाचाच राग येत नव्हता. सोमवारपासून त्याची खुर्ची वर्कशॉपमध्ये असणार होती. "बरं का, पुढच्या गाड्याला ब्रेक असे लावायचे, की पायानेच दाबता येतील..."

"हे धरा जरा, हात धुऊन येतो," असं म्हणून भिंगराव उठून गेला. मिस्त्री ब्रेकबद्दल बोलत राहिला. बायको ऐकत राहिली. टेबल डुगडुगत होतं, मग थांबलं.

भिंगराव परत आला आणि किंचाळला. "माझं भिंग! कुठे गेलं? जागचं कुणी हलू नका! दाजी, तुमच्याकडे दिलं होतं ना?"

मिस्त्रीने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग सावकाश आपल्या पायांकडे. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर आपला पाय ठेवला.

"चोरी!" भिंगराव खिडकीकडे धावत म्हणाला. "आणि तीही माझ्या नाकाखाली! ही त्याच टोळीची करामत!" तो पडदा झाडत बाहेरच्या खोलीत गेला.

"सांगूया ना," मिस्त्री कुजबुजला.

"सांगू. आधी दोन घास सुखाने जेवा," ती म्हणाली आणि उलथन्याने त्याला आणखी वाढलं. आज ते जागेवर सापडलं होतं.